पोटातली वस्ती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



'बद्धकोष्ठ आणि पोटातले जिवाणू' या विषयावर बोलणार आहे, असे मी सांगितले तेव्हा मित्रांनी भुवया उंचावल्या. कवीने पावसावर बोलावे, चंद्रावर बोलावे, फार तर विरहावर बोलावे. शौचाच्या तक्रारीवर बोलायला डॉक्टर आहेत की! मी डॉक्टर नाही. साधा बी.ए. झालेला, शब्दांच्या नादी लागलेला माणूस आहे. पण या दुखण्याची पहिली अडचण शब्दांचीच आहे, असे मला वाटते. गुडघे दुखतात हे आपण एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगतो. रक्तातली साखर किती वाढली हे लग्नाच्या पंगतीत सांगतो. चार दिवस पोट साफ झालेले नाही हे मात्र सख्ख्या भावालाही सांगत नाही.

आपल्या भाषेने या गोष्टीभोवती किती पडदे लावले आहेत पाहा. कोणी 'परसाकडे' जातो, कोणी 'बाहेर' जातो, कोणी नुसताच 'जाऊन येतो'. आमच्या घरात दखनी बोलतात. तिथे या विकाराला 'कब्ज' म्हणतात. शब्द अरबी आहे. त्याचा मूळ अर्थ मुठीत आवळून धरणे. मराठीतला 'कब्जा' त्याच मुळातून आलेला. म्हणजे शेताचा कब्जा आणि पोटातला कब्ज ही भावंडेच. 'बद्धकोष्ठ' म्हणजे बांधला गेलेला कोठा. दोन्ही भाषांनी चित्र एकच काढले : खोलीला कडी लागली आहे आणि माल आत अडकला आहे. चित्र नामी आहे, पण त्यात एक गोष्ट राहून गेली. त्या खोलीत कोणीतरी राहते. एक-दोन नव्हे, अख्खी वस्ती आहे तिथे. आज त्या वस्तीची ओळख करून घेऊ.

आधी बद्धकोष्ठ कशाला म्हणायचे ते ठरवू. रोज सकाळी एकदा झालेच पाहिजे, हा नियम शरीराने केलेला नाही, आपण केला आहे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यांतले काहीही निरोगी असू शकते. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, कुंथावे लागणे, खडे पडणे, जाऊन आल्यावरही पोट मोकळे झाले नाही असे वाटणे, अशी लक्षणे काही महिने टिकून राहिली तर डॉक्टर त्याला जुनाट बद्धकोष्ठ म्हणतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या लुईस आणि हीटन या दोघांनी १९९७ साली मलाच्या सात प्रकारांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. पहिला प्रकार सुट्या, कडक खड्यांचा. आपल्याकडे ज्याला सरळ लेंड्या म्हणतात तो. सातवा नुसत्या पाण्याचा. तिसरा आणि चौथा उत्तम. जगभरचे डॉक्टर आजही हा तक्ता वापरतात, कारण मलाच्या रूपावरून त्याचा आतला मुक्काम किती लांबला याचा अंदाज येतो.

हा मुक्काम कुठे असतो? आपण खाल्लेला घास जठरातून निघून साधारण सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यातून काही तासांत पुढे सरकतो. पचण्याजोगे असते ते तिथे पचते. उरलेले दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथे मात्र एखादा दिवस, कधी दोन-तीन दिवस रेंगाळते. मोठे आतडे त्यातले पाणी शोषून घेते. मुक्काम लांबला की मल कोरडा होतो, कोरडा झाला की पुढे सरकत नाही, सरकला नाही की आणखी कोरडा होतो.

याच मोठ्या आतड्यात आपली वस्ती आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ साली तिची शिरगणती मांडली. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. एवढी मोठी प्रजा, पण तिचे एकूण वजन जेमतेम २०० ग्रॅम, म्हणजे एखाद्या चांगल्या पोसलेल्या पेरूइतके! दुसरा एक हिशेब त्याहून जुना आहे. केंब्रिजच्या स्टीफन आणि कमिंग्ज यांनी १९८० साली दाखवून दिले, की मलातले पाणी काढून टाकले तर उरलेल्या भागात निम्म्याहून अधिक भरणा जिवाणूंचाच असतो. काल खाल्लेले आज बाहेर पडते, ही आपली समजूत. प्रत्यक्षात जे बाहेर पडते त्यात मोठा वाटा या वस्तीतल्या जिवंत आणि मेलेल्या रहिवाशांचा असतो. तेव्हा वस्ती भरलेली, पोसलेली असेल तर मलाला आकार येतो, मऊपणा येतो. वस्ती उपाशी असेल तर तो आक्रसतो.

हे रहिवासी दिवसभर करतात तरी काय? आपल्याला न पचलेले तंतू आंबवतात. भाकरीतला कोंडा, डाळींची सालपटे, भाज्यांचे धागे हे आपल्या लेखी चोथा असते. त्यांचे ते जेवण. इडलीचे पीठ रात्रभर आंबते तसेच हे आंबणे. त्यातून काही आम्ले तयार होतात. त्यांतले ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे. म्हणजे आपण वस्तीला जेवू घालायचे आणि वस्तीने आतड्याला.

दुसरे काम हालचालीचे. सेरोटोनिन हे नाव आपण मनाच्या आजारांच्या संदर्भात ऐकतो, पण शरीरातले सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात असते आणि आतड्याच्या स्नायूंना लाट पुढे ढकलण्याची सूचना देण्यात त्याचा हात असतो. २०१५ साली अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत एलेन शाओ आणि सहकाऱ्यांनी जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांवर प्रयोग केले. या उंदरांत सेरोटोनिन कमी होते. त्यांच्या पोटात ठराविक जातींचे जिवाणू सोडल्यावर ते वाढले आणि आतड्याची चालही सुधारली. वस्तीच नसलेल्या उंदरांची आतडी मंद चालतात, हे त्याआधीही ठाऊक होतेच.

तिसरी गोष्ट तुमच्या परिचयाची आहे : गोबरगॅस. गोबरगॅसच्या टाकीत शेणापासून मिथेन तयार करणारे जे सूक्ष्म जीव असतात, त्यांचे चुलतभाऊ काही माणसांच्या पोटातही राहतात. काटेकोर बोलायचे तर ते जिवाणूही नव्हेत. 'आर्किया' नावाच्या एका प्राचीन कुळातले ते जीव. इतर जिवाणूंनी सोडलेला हायड्रोजन खाऊन ते मिथेन सोडतात. लॉस एंजेलिसच्या मार्क पिमेंटेल यांच्या गटाने २००६ साली कुत्र्यांच्या आतड्यात मिथेन सोडून पाहिला, तेव्हा आतून जाणाऱ्या मालाची गती स्पष्टपणे मंदावली. ज्यांच्या श्वासात मिथेन सापडतो, त्यांच्यात बद्धकोष्ठाचे प्रमाण अधिक आढळते. मिथेन असलेल्या प्रत्येकाला हा त्रास होतो असे मात्र नाही.

इथे कोणीही विचारील, की आधी काय? वस्ती बिघडली म्हणून आतडे मंदावले, की आतडे मंदावले म्हणून वस्ती बिघडली? बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१६ साली मोठ्या संख्येने निरोगी माणसांच्या मलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाच्या पोटात कोणते जिवाणू आहेत, याच्याशी सर्वांत घट्ट नाते वयाचे नव्हते, वजनाचेही नव्हते. ते मलाच्या घट्ट-पातळपणाचे निघाले. कारणही समजण्याजोगे आहे. माल तीन-चार दिवस पडून राहिला की तंतू संपतात. तंतू संपले की वस्तीतले लोक प्रथिनांकडे वळतात, सावकाश वाढणाऱ्या जातींना रान मोकळे मिळते. म्हणजे कारण दोन्ही बाजूंनी फिरते. सासू-सुनेच्या भांडणात पहिला शब्द कोणाचा होता हे जसे शेजाऱ्यांना ठरवता येत नाही, तसे विज्ञानालाही हे अजून पुरते ठरवता आलेले नाही.

हे समजून न घेता घाई केली म्हणजे काय होते, ते इतिहासात नमूद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये सर विल्यम आर्बथनॉट लेन हे नामांकित शल्यचिकित्सक होते. साचलेल्या मलातून विष रक्तात भिनते, असे त्या काळी पुष्कळ डॉक्टर मानत. लेन यांनी ते इतके मनावर घेतले, की बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच ते कापून काढू लागले! त्याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत इल्या मेचनिकॉफ काम करत होते. रोगप्रतिकाराच्या संशोधनासाठी त्यांना १९०८ चे नोबेल मिळाले. मोठ्या आतड्यातले जिवाणू माणसाला म्हातारे करतात असे त्यांचेही मत. पण त्यांनी सुरी न उचलता दही सुचवले. विषाची ती कल्पना पुढे टिकली नाही. तरी आज 'डिटॉक्स'च्या नावाने आतडी धुऊन देणाऱ्या जाहिराती वाचल्या, की लेनसाहेब अजून वारलेले नाहीत असे वाटते.

आता आपल्या ताटाकडे वळू. डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाने युगांडात बरीच वर्षे काम केले. १९७२ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या खेड्यांतली माणसे आणि इंग्लंडमधली माणसे यांची तुलना प्रसिद्ध केली. युगांडाच्या खेडुतांचा मल वजनाने इंग्रजांच्या चौपट भरला आणि खाल्लेले बाहेर पडायला त्यांना निम्म्याहून कमी वेळ लागला. फरकाचे श्रेय बर्किटने तंतुमय अन्नाला दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतूंची शिफारस केली आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, सालाची डाळ, मेथी-शेपू, गवार, पेरू, अंजीर हे ज्याच्या ताटात येते, त्याला हा आकडा अवघड नाही. पण सकाळी पाव-बटर, दुपारी पांढराशुभ्र भात, संध्याकाळी मैद्याची बिस्किटे असा दिवस गेला, तर आपण पोटभर जेवलो आणि वस्ती मात्र उपाशी निजली असे होते. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ माल, तंतू नावालाच. आमच्याकडे रमजानमध्येही हेच होते. दिवसभर पाणी नाही, इफ्तारला भजी-समोसे, सहरला घाईघाईत पाव, आणि दहाव्या रोजाला घरातली निम्मी माणसे कब्जची तक्रार करतात. रोजा खजुराने सोडायची रीत उत्तमच. त्यासोबत फळे आणि डाळ असली, रात्रीतून पाणी नीट प्यायले, तर रोजाही पार पडतो आणि वस्तीही सुखी राहते.

मात्र एक सावधगिरी. उद्यापासून एकदम वाडगाभर कोंडा खायला लागाल तर पोट फुगेल, वायू धरेल. वस्तीलाही नव्या जेवणाची सवय व्हावी लागते. दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. ज्यांचे आतडे मुळातच फार मंद आहे त्यांना जादा कोंड्याने त्रास वाढूही शकतो. २०२५ मध्ये ब्रिटिश आहारतज्ज्ञांच्या संघटनेने बद्धकोष्ठासाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सरसकट 'तंतुमय खा' या सल्ल्याला, या विकारापुरता, पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. तंतुमय अन्न एकूण प्रकृतीला चांगले, हे त्यांनाही मान्य आहे. पण बद्धकोष्ठावर इलाज म्हणून त्यांनी ठराविक गोष्टींची नावे घेतली. त्यांत किवी फळ आहे, आणि आपले इसबगोलही आहे.

इसबगोल म्हटले की माझ्यातला कवी जागा होतो. शब्द फारसी आहे. 'अस्प' म्हणजे घोडा, 'गोल' म्हणजे कान. बीच्या आकारावरून 'घोड्याचा कान' असे नाव पडले. त्याची शेती गुजरात-राजस्थानात, उंझ्याची बाजारपेठ त्यासाठी प्रसिद्ध, आणि जगाला ते पुरवतो भारतच. गंमत अशी, की वस्तीतले जिवाणू इसबगोलाला फारसे खाऊ शकत नाहीत. ते शेवटपर्यंत पाणी धरून ठेवते, मल मऊ करते, आणि आंबत नसल्यामुळे वायूही कमी धरतो. ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे. कोरडे गिळले तर घशात अडकू शकते. सोनामुखीची कथा नेमकी उलटी. तिच्या पानांतले द्रव्य जसेच्या तसे निष्क्रिय असते. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर जिवाणू त्याला जोडलेली साखर तोडतात, तेव्हा कुठे ते आतड्याला हलवते. रात्री घेतलेले चूर्ण सकाळी लागू पडते ते या पाहुणचारामुळे! पुष्कळ तयार चूर्णांत सोनामुखीच असते. अडीनडीला घ्यायला हरकत नाही. वर्षानुवर्षे रोज घ्यावे लागत असेल तर तो प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवायला हवा.

आणि ते जिवाणूंच्या कॅप्सूल, बाटल्या? काही ठराविक जातींचा काही जणांना थोडा उपयोग होतो, असे काही चाचण्यांत दिसले. काही चाचण्यांत काहीच दिसले नाही. एका जातीचा गुण दुसरीला लागू होत नाही. घरचे दही-ताक जरूर घ्या, ते अन्न म्हणून चांगले आहे. पण महागडी बाटली विकणारा छातीठोकपणे जे सांगतो, ते सांगण्याइतके विज्ञान अजून पुढे गेलेले नाही. जुनाट बद्धकोष्ठासाठी अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये ज्या औषधांची जोरदार शिफारस केली, त्यांत पॉलिएथिलीन ग्लायकॉल ही पाण्यात विरघळणारी पूड आहे. तिचा जिवाणूंशी संबंध नाही. ती फक्त पाणी धरून ठेवते.

शिवाय प्रत्येक बद्धकोष्ठाचा दोष वस्तीवर टाकता येत नाही. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके, रक्तदाबाची आणि मनाच्या आजारांची काही औषधे पोट बांधतात. थायरॉइड मंदावले तरी तसे होते. कंपवाताच्या रुग्णांत हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षे आधी बद्धकोष्ठ सुरू झालेले असू शकते. काहींच्या बाबतीत आतडे ठीक चाललेले असते, पण शेवटच्या दाराचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळतात. त्यांना भाकरी किंवा चूर्ण नको, त्या स्नायूंचे शिक्षण हवे, आणि ते देता येते.

आणि काही बद्धकोष्ठ समाज देतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक पूर्ण अध्याय नैसर्गिक वेग अडवू नयेत यावर आहे. वेग अडवायचा नाही हे खरे, पण जायचे कुठे? माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत, कारण शाळेत बायकांसाठी धड संडास नव्हता. बाजारात भाजी विकणारी बाई, शेतावर खुरपणारी बाई, दिवसभर रस्त्यावर उभी असलेली पोलीस बाई यांना आपण 'वेळच्या वेळी जा' असे कोणत्या तोंडाने सांगायचे? आलेली हाक पुन्हा पुन्हा परतवली, की ती यायचीच कमी होते, मल मागे राहून कोरडा पडतो. स्वच्छ संडासाला आतून लागणारी कडी हीसुद्धा बद्धकोष्ठावरची औषधयोजना आहे.

शेवटी ज्या कारणासाठी हा विषय घेतला ते सांगतो. माझा एक ज्येष्ठ कविमित्र होता. मैफलीत दोनदोन तास बोलणारा, शब्दाला कधी न अडणारा माणूस. पोटाबद्दल मात्र मुका. साठीनंतर त्याचे पोट बिघडले; कधी चार दिवस नाही, कधी पातळ. रक्त पडू लागले, तेव्हा त्याने स्वतःच मूळव्याध ठरवून टाकली. रात्री चूर्ण, सकाळी गरम पाणी. वजन उतरले तर म्हणाला, बरे झाले, पँट सैल झाली. बायकोलाही त्याने काही कळू दिले नाही. तपासणी झाली तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. आरंभीच सापडला असता तर त्यावर चांगले उपचार आहेत. माझ्या मित्राला आयुष्यभर शब्दांनी साथ दिली, आणि एका साध्या वाक्याची गरज होती तिथे ते त्याच्या लाजेपायी बाहेर पडले नाहीत.

म्हणून ही यादी नीट ऐका. मलातून रक्त, कारण नसताना वजन उतरणे, अंगातले रक्त कमी होणे, पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे पोटाची वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलणे, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे. यांपैकी काहीही असेल तर चूर्ण, इसबगोल, दही सगळे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचे. उलट्या, फुगलेले पोट आणि वायूही सरत नसेल तर त्याच क्षणी जायचे.

बाकीच्यांसाठी सांगणे साधे आहे. पोट ही नळ्यांची मोरी नव्हे, की दर रविवारी एरंडेल ओतून धुऊन काढावी. तिथे रहिवासी आहेत. त्यांना रोज थोडे जेवू घाला. सकाळी चहा-न्याहारीनंतर आतड्याला आपोआप हाक येते, तेव्हा दहा मिनिटे द्या. कमोडवर बसत असाल तर पायांखाली छोटा पाट घ्या, म्हणजे उकिडवे बसल्यासारखे होईल. चाला. आणि डॉक्टरांसमोर बसलात की 'जरा पोटाची तक्रार आहे' एवढ्यावर थांबू नका. 'इतक्या दिवसांनी होते, इतका वेळ कुंथावे लागते, खडे पडतात, रक्त पडते किंवा पडत नाही' असे स्वच्छ मराठीत सांगा. त्यात न शोभण्यासारखा एकही शब्द नाही.